टायमिंग चेन : आधी हाताने दोन फेऱ्या

मेकॅनिकलच्या व्हायव्हात हमखास येणारा एक प्रश्न आहे. "क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या झाल्या, तर कॅमशाफ्टच्या किती?" उत्तर तोंडपाठ असते. "एक, सर!" एक्स्टर्नल खूश होतात, आपण बाहेर येऊन कँटीन गाठतो आणि विषय तिथेच संपतो. पण ही एक फेरी नेमकी एकच राहावी म्हणून इंजिनाच्या पोटात कोण राबत असते, आणि तिच्यात थोडासा जरी फरक पडला तर तो किती हजारांना पडतो, हे जर्नलमध्ये लिहावे लागत नाही. मला ते २०२४ च्या मे महिन्यात उल्हासनगर कॅम्प १ मध्ये, मामाच्या घरासमोरच्या पत्र्याच्या शेडखाली कळले. तेच इथे सांगणार आहे.

सिव्हिल आणि कॉम्प्युटरच्या मित्रांनी पान उलटू नये. तुमची स्प्लेंडर असो, पल्सर असो की घरून आणलेली अ‍ॅक्टिव्हा, तिच्या इंजिनातही टायमिंग चेन आहेच. आपण जिला रोज चिखलात पाहतो आणि सवडीने ग्रीस लावतो, ती मागच्या चाकाची चेन वेगळी. ही दुसरी चेन इंजिनाच्या आत, तेलात न्हालेली असते. ती दिसत नाही म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

साखळी करते तरी काय?

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे पिस्टनच्या चार धावांत होतात, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत. या चार कामांत प्रत्येक व्हॉल्व्हने एकदाच उघडायचे असते. व्हॉल्व्ह उघडतो कॅम. म्हणून क्रँक दोनदा फिरला की कॅमने एकदाच फिरायला हवे. यासाठी क्रँकच्या गरारीला जितके दात, त्याच्या दुप्पट कॅमच्या गरारीला द्यायचे आणि दोन्हींवरून साखळी टाकायची. झाले टायमिंग!

ऐकायला सोपे आहे. आता वेग बघा. इंजिन ३००० आरपीएमवर चालले असेल तर कॅम १५०० फेऱ्या मारतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्हने वाटेतून बाजूला झालेले असायला हवे. डिझेल इंजिनात हवा सतरा-अठरा पट दाबायची असल्यामुळे पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये फारच थोडी फट उरते. त्या फटीत उघडा व्हॉल्व्ह मावत नाही. लोकलच्या दारात चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी घुसले की जे होते तेच इथे होते. फरक एवढाच की लोकलमध्ये शर्टाचे बटण तुटते, इथे व्हॉल्व्ह वाकतो, रॉकर तुटतो, कधी पिस्टनलाही भोक पडते.

साखळी 'लांबते' म्हणजे काय?

गॅरेजमध्ये सर्रास म्हणतात, "चेन लांबली." वाटते की लोखंड रबरासारखे ताणले गेले. तसे नसते. साखळीच्या प्रत्येक कडीत एक पिन असते आणि ती बुशमध्ये फिरते. ही पिन आणि बुश घासून प्रत्येक सांध्यात किंचित जागा होते. सांधे पुष्कळ असल्याने सगळ्या जागांची बेरीज होऊन साखळी लांब झालेली दिसते.

आकडे घेऊन पाहू. उदाहरणादाखल साखळीची पिच ८ मिमी धरा, क्रँकच्या गरारीला २० दात आणि कॅमच्या गरारीला ४० दात. ताणलेल्या बाजूला ५० सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा फक्त ०.०२ मिमी झिजला, म्हणजे केसाहूनही बारीक. एकूण फरक झाला १ मिमी. कॅमच्या गरारीचा घेर ३२० मिमी. १ मिमीने कॅम साधारण १.१ अंश मागे पडला, क्रँकच्या हिशोबात सव्वादोन अंश. एवढ्याने इंजिन बंद पडत नाही. फक्त जरा मंद होते, सकाळी कुरकुरते. पण साखळी ढिली होऊन एक दात जरी उडाली, तर क्रँकच्या हिशोबात एकदम १८ अंशांचा फरक! सव्वादोन आणि अठरा यांच्यामध्ये कुठलेही स्टेशन नाही. म्हणून चेनचे दुखणे बरेच दिवस किरकोळ वाटते आणि एके दिवशी अचानक भयंकर होते.

हा ढिलेपणा सांभाळायला टेन्शनर असतो. आजच्या बहुतेक गाड्यांत तो हायड्रॉलिक असतो. इंजिन ऑइलचा दाब त्याच्या छोट्या पिस्टनला बाहेर ढकलतो, तो पिस्टन एका वक्र पट्टीला दाबतो आणि पट्टी साखळीला. म्हणजे साखळीला वंगण पुरवणारे तेलच, आणि तिला ताणून धरणारेही तेलच. तेल कमी झाले, घाण झाले किंवा काजळीने जड झाले की दोन्ही बाजूंनी मार बसतो. डिझेलच्या तेलात काजळी मिसळते आणि तिचे बारीक कण पिन-बुशच्या मध्ये पॉलिश पेपरसारखे काम करतात. साखळीचे आयुष्य किलोमीटरवर कमी आणि ऑइल बदलण्याच्या तारखांवर जास्त ठरते, हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवा.

पद्मिनीपासून मल्टिजेटपर्यंत

आज वापरतो त्या जातीची बुश रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये काढली. सायकलपासून सुरू झालेली ही साखळी पुढे मोटारीच्या इंजिनात शिरली. आपल्याकडचे ओळखीचे उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याला बनणारी, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा झालेली ही गाडी. १०८९ सीसीच्या त्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्येच असे आणि पुशरॉडने वरचे व्हॉल्व्ह हलत. क्रँक आणि कॅम शेजारी-शेजारी असल्यामुळे साखळी आखूड. आखूड साखळीत सांधे कमी, म्हणून लांबण्याची बेरीजही कमी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली.

पुढे कॅम वर, हेडमध्ये गेला. अंतर वाढले. मग मारुती ८०० सारख्या गाड्यांनी साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा घेतला. तो हलका, आवाज न करणारा आणि तेलाची गरज नसणारा. पण ठरावीक किलोमीटरनंतर तो बदलावाच लागतो, नाहीतर न सांगता तुटतो. म्हणून नंतरच्या पुष्कळ इंजिनांत साखळी परत आली. त्यातले आपल्याकडे फार गाजलेले इंजिन म्हणजे फिएटचे १.३ मल्टिजेट : १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. २००३ साली युरोपात आलेले हे इंजिन पुढे मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये आणि फिएटच्या स्वतःच्या गाड्यांत बसले. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत असे. इतक्या गाड्यांत होते की त्याला थट्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. २०२० मध्ये बीएस-सिक्सचे नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल थांबवले. पण रस्त्यावर ही गाडी अजून भरपूर आहे आणि तिच्या साखळ्या आता म्हाताऱ्या होत आहेत.

कॅम्प १ मधली केस

मामाची गाडी २०१६ ची डिझेल डिझायर, टुरिस्ट परमिटवरची. शहाड स्टेशनपासून रिक्षाने थोड्या अंतरावर घर. शिर्डी, माळशेज, नाशिक, कधी विमानतळ. १ लाख ८६ हजार किलोमीटर झालेले. हप्ते फिटले होते, पण धाकट्या मामेबहिणीची अकरावीची फी समोर होती आणि मे म्हणजे सीझन. सीझनमध्ये गाडी उभी राहणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी टुरिस्टची गाडी आहे त्यालाच कळेल. ऑइलचेही तेच. "ही ट्रिप मारून येतो, मग बदलू" असे करत करत दहा हजारांवरचे काम वीस हजारांवर जायचे.

सकाळी पहिल्या स्टार्टला तीन-चार सेकंद डब्यात खिळे खुळखुळावेत असा आवाज यायला लागला. मग बंद. गरम इंजिनाला काही नाही. मामा म्हणाला, "डिझेल आहे, आवाज करणारच." हळूहळू तीन सेकंदांचे आठ झाले. मग चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी-००१६. क्रँक आणि कॅम यांचे सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत, असा त्याचा अर्थ. व्हायव्हाचे ते उत्तर आता 'एक'ऐवजी 'जवळपास एक' झाले होते!

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. थंड इंजिनात टेन्शनरमध्ये दाब यायला वेळ लागतो, तोवर ढिली साखळी कव्हरच्या आत आपटते. म्हणून आवाज आधी फक्त सकाळचा. पुढे तो वाढतो, मग सेन्सरला फरक कळतो. त्याच्याही पुढे जाऊन दात उडाला की थेट क्रेन बोलवायची. आपण कोडच्या पायरीवर होतो, म्हणजे इंजिन अजून वाचण्यासारखे होते.

एका गॅरेजने तीस हजार सांगितले आणि आठ दिवस. पैशांपेक्षा आठ दिवसांनी मामा खचला. तेव्हा शेजारच्या बरॅकीतले मिस्त्रीकाका पुढे आले. वय सत्तरीच्या वर, सिंधी, आयुष्य पद्मिनी टॅक्सी खोलण्यात गेलेले. म्हणाले, "मल्टिजेट मी चार-पाचच खोलले आहेत. पण मॅन्युअल वाचणारा पोरगा असेल तर करू. माझे हात, तुझे डोळे." अशा रीतीने माझी नेमणूक झाली. पगार : दोन वेळचे जेवण आणि दाल-पकवान.

उघडण्याआधीचे काम

मला वाटले होते की पाना हातात घेतला की काम सुरू. प्रत्यक्षात पहिला दिवस एक बोल्टही न खोलता गेला.

पहिले, सामान. फक्त साखळी आणून चालत नाही. जुन्या गरारीचे दात जुन्या साखळीच्या मापाने झिजलेले असतात, त्यावर नवी साखळी टाकली की तीही लवकर खराब होते. म्हणून साखळी, दोन्ही गराऱ्या, दोन्ही गाइड पट्ट्या, टेन्शनर, क्रँकचे पुढचे ऑइल सील, सीलंट, ऑइल आणि फिल्टर अशी पूर्ण यादी. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद मिस्त्रीकाकांनीच सांगितला आणि लगेच गंभीर होऊन म्हणाले, "कपड्यात चालतं बेटा, चेनमध्ये नाय." सामान कंपनीच्या अधिकृत पार्ट्सच्या दुकानातून, पक्क्या बिलासह आणले.

दुसरे, लॉकिंग पिनांचा सेट. या इंजिनात क्रँक एका ठरावीक जागी अडकवायला फ्लायव्हीलच्या बाजूने एक पिन आणि कॅमसाठी वेगळ्या पिना लागतात. अंदाजाने खडूची खूण करून हे इंजिन जुळवायचे नसते, कारण कॅमच्या गरारीला जागा पक्की करणारी चावी नाही. ती बोल्टच्या आवळणीवर धरून राहते. सेट दोन दिवसांसाठी भाड्याने मिळाला.

तिसरे, टॉर्क रेंच. तो आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपमधून मिळाला. त्यासाठी एक लेखी अर्ज, तीन सह्या आणि "परत आणशील ना?" हा प्रश्न चार वेळा. वर्कशॉपच्या सरांचे आणि स्टोअरच्या काकांचे इथे जाहीर आभार.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, जागा. शेडखालची जमीन उताराची होती, म्हणून गाडी लादीच्या सपाट पट्ट्यावर घेतली. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. जॅकने गाडी उचलून घोड्यांवर ठेवली, मागच्या चाकांना दगड लावले. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जायचे नाही. मिस्त्रीकाकांचा हा नियम मोडला की ते हातातला पाना खाली ठेवून चहा प्यायला निघून जात.

उघडताना

ड्रायव्हरच्या बाजूचे पुढचे चाक आणि आतले प्लॅस्टिक काढले. ऑइल सोडले. ते डांबरासारखे काळे होते. फॅन बेल्ट काढला. इंजिनाला खालून लाकडी ठोकळा आणि जॅकचा आधार दिला, मगच त्या बाजूचे माउंटिंग सोडवले. नंतर इंजिन पिनांच्या जागी आणून क्रँक आणि कॅम दोन्ही अडकवले. इथून पुढे काम संपेपर्यंत यातले काहीही फिरता कामा नये.

क्रँक पुलीचा बोल्ट ही पहिली मोठी परीक्षा. तो अतिशय घट्ट असतो. फिएट घराण्यातल्या काही इंजिनांत तर त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे आपण सोडवतोय असे समजून आवळतच राहतो. म्हणून आधी मॅन्युअल, मग जोर. दुसरी गोष्ट म्हणजे बोल्ट सोडवताना लॉकिंग पिनेच्या भरवशावर जोर लावायचा नाही. पिन जागा दाखवायला असते, ताकद झेलायला नाही. पुली किंवा फ्लायव्हील धरण्याचे वेगळे हत्यार लावायचे.

पुढच्या कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. यावर मिस्त्रीकाकांची पद्धत बिनखर्ची. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढायचा, त्याच जागी भोके पाडायची आणि निघालेला बोल्ट लगेच त्या भोकात खोचायचा. असेंब्ली ड्रॉइंगचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही. या गाडीत खालचे ऑइल चेंबरही उतरवावे लागले.

कव्हर निघाले आणि साखळी दिसली. तुटलेली नाही, गंजलेली नाही, चांगली चकचकीत. मामा म्हणाला, "हिला काय झालंय?" मिस्त्रीकाकांनी जुनी आणि नवी साखळी एकाच खिळ्याला शेजारी-शेजारी टांगली. खालच्या टोकांत फरक दिसला, नखाच्या जाडीपेक्षा थोडा जास्त. शिवाय टेन्शनरचा पिस्टन जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला होता, म्हणजे ढिलाई आवरायला त्याच्याकडे आता काही शिल्लक नव्हते. गाइड पट्टीवर साखळीने दोन खोल चऱ्या पाडल्या होत्या. मामा बराच वेळ त्या दोन साखळ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे नाशिकच्या ट्रिपला घाटात..." आणि वाक्य अर्धेच सोडले.

बसवताना

जुना सीलंट खरवडायला लोखंडी पट्टी वापरली नाही, प्लॅस्टिकची वापरली. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच पुढे तेल पाझरते. खरवडलेला कचरा आत पडू नये म्हणून सगळीकडे स्वच्छ कापड लावले.

नवी गरारी, साखळी आणि गाइड बसवले. नव्या टेन्शनरचा पिस्टन आत दाबून पिनेने अडकवलेला येतो. तो तसाच बसवायचा, साखळी व्यवस्थित बसली की पिन ओढायची. 'टक्' असा आवाज येतो आणि साखळी ताणली जाते. यानंतर कॅमच्या गरारीचा बोल्ट आवळायचा. गरारी हत्याराने धरायची आणि टॉर्क रेंच मॅन्युअलच्या आकड्यावर लावायचा. हे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. ते इंजिनागणिक बदलतात, आणि मासिकात वाचलेल्या आकड्यावर कुणी बोल्ट आवळू नये. ज्या बोल्टना 'इतका टॉर्क अधिक इतके अंश' असे लिहिलेले असते ते ताणले जातात, म्हणून मॅन्युअल सांगते तिथे नवेच घ्यायचे.

दोन फेऱ्या

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे साडेपाच झाले होते. साखळी बसली होती, पिना काढल्या होत्या. मामाला रात्री अकराची विमानतळाची ट्रिप मिळत होती आणि त्याचा फोन सारखा वाजत होता. तो म्हणाला, "कव्हर लावू आणि मारू स्टार्टर. बसलीय ना नीट?"

मिस्त्रीकाकांनी किल्लीच मागून घेतली आणि खिशात घातली. म्हणाले, "आधी हाताने दोन फेऱ्या."

या लेखात एवढेच लक्षात राहिले तरी चालेल. साखळी बदलल्यावर इंजिन स्टार्टरने फिरवण्याआधी क्रँक हाताने, पान्याने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा. दोनच का? कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, आणि तेवढ्यात सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात. कुठलाही व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येणार असेल तर तो या दोन फेऱ्यांत सापडतोच. हाताने सापडला तर पाना अडतो, आपण थांबतो, नुकसान शून्य. स्टार्टर मोटरला मनगट नसते. तिला काही जाणवत नाही, ती ढकलतच राहते.

काकांनी लांब दांडा लावलेला पाना माझ्या हातात दिला. पहिली अर्धी फेरी सहज गेली. मग पाना अडला. मी हात थांबवला. मामा उकिडवा बसला होता तो उभा राहिला. शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज. काका जवळ आले आणि म्हणाले, "सोडू नको. धरून ठेव आणि सांग, गादीसारखं लागतं का भिंतीसारखं?"

मी अजमावले. पाना किंचित दबत होता आणि मागे ढकलत होता. "गादी," मी म्हणालो.

"मग ती हवा आहे. थांब थोडा."

कॉम्प्रेशन! सिलिंडरमधली दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने हळूहळू निसटते. दहा-बारा सेकंद तसाच दाब धरून ठेवला आणि पाना आपसूक पुढे सरकला. धातू धातूला लागला असता तर तो भिंतीसारखा एकदम, कडक आणि दर वेळी त्याच अंशावर अडला असता, आणि कितीही थांबलो तरी सरकला नसता. तिथे जोर लावायचा नाही, मागे यायचे आणि सगळे पुन्हा तपासायचे. गादी आणि भिंत यांतला हा फरक चार वर्षांच्या कोर्समध्ये मला कुणी हातात पाना देऊन शिकवला नव्हता.

चार वेळा गादी लागली, चार सिलिंडरची चार. दोन फेऱ्या पूर्ण झाल्या. मग शेवटची खात्री केली. लॉकिंग पिना पुन्हा घालून पाहिल्या. क्रँकची गेली. कॅमच्याही अलगद गेल्या, ठोकाव्या लागल्या नाहीत. पिन ठोकून घालावी लागली तर ती 'गेली' असे धरायचे नाही, हेही काकांनीच सांगितले. पिना काढून घेतल्या आणि मामाने विमानतळाची ट्रिप दुसऱ्याला दिली, कारण सीलंट वाळायला रात्र लागणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे ऑइल भरले. लगेच स्टार्ट केले नाही. आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून, डिझेल बंद ठेवून, थोडे थोडे क्रँकिंग केले, म्हणजे ऑइल पंपाला दाब तयार करायला वेळ मिळतो आणि नव्या टेन्शनरमध्ये तेल भरते. ऑइलचा दिवा विझला, कनेक्टर लावले आणि किल्ली फिरवली. दोन सेकंद खुळखुळ, मग शांत. कोड पुसला, तो परत आला नाही. मामाने पहिली ट्रिप गणपतीला नारळ फोडून टिटवाळ्याचीच केली.

जमाखर्च

सामान, ऑइल आणि सेटचे भाडे मिळून पंधरा हजारांच्या आत काम झाले, गाडी तीन दिवस उभी राहिली. मिस्त्रीकाकांनी मजुरी घेतली नाही, म्हणून ती मी शून्य धरतोय. तो खरा हिशोब नव्हे. पन्नास वर्षांच्या अनुभवाची किंमत शून्य धरून 'घरी केले की स्वस्त पडते' असे म्हणणे हे अर्धसत्य आहे.

जुने ऑइल आम्ही डब्यात भरून भंगारवाल्यामार्फत तेल गोळा करणाऱ्याकडे दिले. गल्लीतल्या गटारात ओतणे सोपे होते. पण अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणमधून वाहणाऱ्या वालधुनीची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, नव्हे, हुंगली आहे, त्यांना कारण सांगायला नको.

मग हे घरी करावे का?

प्रामाणिक उत्तर : प्रत्येकाने नाही. तुमच्या इंजिनाचे मॅन्युअल, योग्य पिना, टॉर्क रेंच, पक्क्या घोड्या आणि आधी हे काम केलेला माणूस, या पाचांपैकी एकही नसेल तर गॅरेजला द्या. पण गॅरेजला देतानाही दोन गोष्टी विचारा. गराऱ्या आणि टेन्शनर बदलणार का? आणि स्टार्ट करण्याआधी हाताने फिरवून बघणार का? दुसऱ्या प्रश्नावर जो मिस्त्री हसून "रोजचं काम आहे हो" म्हणेल, त्याच्याकडून किल्ली परत घ्या.

बाइकवाल्यांसाठी तर याहून सोपे आहे. ऑइल वेळेवर बदला, पातळी महिन्यातून एकदा बघा आणि सकाळच्या पहिल्या पाच सेकंदांत इंजिन काय म्हणते ते ऐका. एअरफोन काढून. आवाज बदलला तर सेमिस्टर संपायची वाट पाहू नका.

मामाच्या डॅशबोर्डवर आता एक छोटी वही आहे. त्यात ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. शेवटची नोंद बरोबर दहा हजारांवरची आहे. आणि जुनी साखळी मी वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये जमा केली आहे. नव्या साखळीशेजारी टांगून दाखवायची असेल तर मागून घ्या. अर्ज एकच लागतो, सह्या मात्र तीन.